मालीश : तालमीपासून इस्पितळापर्यंत

आपल्या इतिहासाच्या गप्पांत आज लढाई नाही, किल्ला नाही. आजचा विषय आहे मालीश.

इथे गाझियाबादला थंडी पडली की आमच्या सोसायटीत मंडळी सकाळी उन्हात खुर्च्या टाकून बसतात आणि सरसोंच्या तेलाची वाटी फिरते. नाक्यावरचा न्हावी चंपी करतो. जवळच्या मॉलमध्ये ‘स्वीडिश, थाई, डीप टिश्यू’ अशी पाटी आहे. एका प्रेक्षकाने विचारलं, “साहेब, यातलं खरं किती?”

आधी माझीच गोष्ट सांगतो. उंचावरच्या एका चौकीत माझी पोटरी सुजली. वाटलं, चालून आखडली असेल. एक जवान प्रेमाने तेल कोमट करून घेऊन आला. तेवढ्यात आमचा नर्सिंग असिस्टंट आला आणि म्हणाला, “साहेब, हात लावू देऊ नका.” शिरेत रक्ताची गुठळी झाली होती. चोळली असती, तर ती सुटून फुप्फुसात जाऊ शकली असती. कुठे चोळायचं नाही, हे त्या पोराला माहीत होतं, म्हणून मी आज तुमच्याशी बोलतोय.

हे ‘कुठे नाही’ आपल्याकडे फार जुनं आहे. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात दिनचर्येच्या अध्यायात रोज अभ्यंग करावा, डोकं, कान आणि पाय यांना विशेष तेल लावावं, असं सांगितलंय. आणि लगेच, अजीर्ण झालेल्याने, कफ वाढलेल्याने करू नये, हेही सांगितलंय. आपण नरक चतुर्दशीचं तेल-उटणं तेवढं लक्षात ठेवलं, पथ्य विसरलो.

दुसरी परंपरा तालमीची. शाहू महाराजांच्या कोल्हापुरात, जिथे १९१२ साली खासबाग मैदान उभं राहिलं, पैलवानाचं आयुष्य तीन गोष्टींवर चालायचं : मेहनत, खुराक आणि मालीश. जोर-बैठका झाल्या की जोडीदार एकमेकांचं अंग रगडत. त्यात मालक-नोकर नव्हता. आज मी तुझं, उद्या तू माझं.

हीच विद्या एका फौजी माणसाबरोबर साहेबाच्या देशात गेली. शेख दीन महंमद, जन्म पाटण्याचा, १७५९ चा. पोरवयातच कंपनीच्या बंगाल फौजेबरोबर निघाला, पुढे सुभेदार झाला. १७८४ मध्ये आयर्लंडला गेला आणि १८१४ च्या सुमारास इंग्लंडमधल्या ब्रायटनला जाऊन वाफेचं स्नान आणि चंपी सुरू केली. रोग्याला फ्लॅनेलच्या तंबूत बसवायचं, तंबूला बाह्या शिवलेल्या, त्यातून हात घालून मालीश करायचं. चौथा जॉर्ज आणि चौथा विल्यम या दोन राजांनी त्याला नेमलं. इंग्रजीतला ‘शांपू’ शब्द आपल्या चंपीवरूनच आलाय. केस धुण्याचा अर्थ मागाहून चिकटला. पण दीन महंमदाने दमा, पक्षाघात, संधिवात, सगळ्यावर आपला इलाज लागू आहे असं छापलं. तो १८५१ मध्ये वारला आणि त्याची पद्धत इस्पितळापर्यंत पोचली नाही.

गंमत पाहा, मॉलमधलं ‘स्वीडिश’ही पुरतं स्वीडनचं नाही. स्टॉकहोमच्या पेर हेन्रिक लिंगने १८१३ मध्ये व्यायामाची संस्था काढली खरी. पण हात लांब फिरवणं, कणकेसारखं मळणं, एका जागी रगडणं, थापटणं, ही विभागणी रूढ केली ॲमस्टरडॅमच्या डॉ. मेझगरने. थाई मालीश मात्र अस्सल. बँकॉकच्या वाट फो मंदिरात त्याचे शिलालेख आहेत.

मालिशीला इस्पितळात कुणी नेलं? चार बायकांनी. १८९४ मध्ये लंडनमध्ये मालिशीच्या नावाखाली कुंटणखाने चालतात अशी ओरड झाली. तेव्हा चार प्रशिक्षित परिचारिकांनी संस्था काढली आणि स्वतःवरच बंधनं घातली : डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय मालीश नाही, रोग्याला औषध विकणं नाही, भलती जाहिरात नाही. वीस वर्षांनी, १९१४ मध्ये महायुद्ध पेटलं, तेव्हा अशा पन्नास प्रशिक्षित बायका जखमी शिपायांसाठी पुढे आल्या. १९२० मध्ये संस्थेला राजाची सनद मिळाली, १९४४ मध्ये तिच्या नावात ‘फिजिओथेरपी’ आलं. पुढे पोलिओच्या साथीनंतर, १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला, मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात आपल्याकडचं फिजिओथेरपीचं शिक्षण सुरू झालं.

दीन महंमद हाताने कमी नव्हता. पण त्याने सगळं बरं होईल म्हटलं, आणि त्या बायकांनी आपली हद्द आखून घेतली. टिकलं ते हद्दीतलं.

म्हणून त्या प्रेक्षकाला माझं उत्तर असं. मालिशीने आखडलेलं अंग मोकळं होतं, कंबरदुखीला काही दिवस आराम पडतो, झोप लागते, मन शांत होतं. त्याने ‘शरीरातलं विष निघतं’ हे मात्र पाटीवरचं बोलणं. एकच पोटरी सुजली असेल, ताप असेल, हाड मोडलं असेल, तर आधी डॉक्टर. आणि न्हाव्याला मान कडकन मोडू देऊ नका; मानेतल्या शिरा आणि नसा पुन्हा मिळत नाहीत.

आणि बाळ-बाळंतिणीला तेल लावणारी मावशी घरी येत असेल, तर तिला ‘तेलवाली’ म्हणू नका. ‘हे आज नको’ असं ती ज्या दिवशी म्हणेल, त्या दिवशी तिचं ऐका.

पुढच्या भागात भेटू. जय हिंद.