निजामिया वेधशाळेची तारकासूची आणि रूपविकारी ताऱ्यांचा शोध : मराठवाड्याच्या विज्ञानेतिहासातील एक दुर्लक्षित प्रकरण

प्रस्तावना :
मराठवाड्याचा आधुनिक इतिहास प्रामुख्याने मुक्तिसंग्रामाच्या अंगाने लिहिला गेला आहे. परंतु नांदेड जिल्हा आणि तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात असलेले लातूर ज्या हैदराबाद संस्थानात होते, त्याच संस्थानाने आकाशाच्या छायाचित्रणाच्या एका जागतिक प्रकल्पात मोलाचा वाटा उचलला. या कार्याचे महत्त्व तपासणे हा प्रस्तुत निबंधाचा उद्देश आहे.

वेधशाळेचे कार्य :
हैदराबादचे सरदार नवाब जफर जंग यांनी १९०१ मध्ये हौसेने वेधशाळा स्थापन केली. १९०८ मध्ये ती संस्थान सरकारकडे आणि १९१९ मध्ये उस्मानिया विद्यापीठाकडे आली. १८८७ च्या पॅरिस परिषदेने संपूर्ण आकाशाची छायाचित्रे घेऊन तारकासूची करण्याचे काम अनेक वेधशाळांत वाटले होते. त्यातील दक्षिण क्रांती १७ ते २३ अंशांचा पट्टा हैदराबादने पूर्ण केला. नांदेडच्या आकाशात हा पट्टा मध्यमंडलावर सुमारे ५० अंश उंचीवर दिसतो. चॅटवूड, पोकॉक व टी. पी. भास्करन यांनी हे काम पुढे नेले. १९२२ पासून १५ इंची दुर्बिणीतून रूपविकारी ताऱ्यांचे, म्हणजे तेज बदलणाऱ्या ताऱ्यांचे, वेधही सुरू झाले. वेधशाळेतील साहाय्यकाचे पुत्र वेणू बाप्पू यांनी विद्यार्थिदशेतच अशा वेधांवर लेख प्रसिद्ध केले.

जुन्या छायाचित्रांचे मोल :
सूचीचा हेतू ताऱ्यांची स्थाने निश्चित करणे हा होता. मात्र छायाचित्राची काच त्या रात्रीचे तेजही जपून ठेवते. वेगवेगळ्या रात्रींच्या काचा ताडून पाहिल्यास तेजातील बदल उघड होतो. हार्वर्ड येथे आरंभी बिनपगारी काम करणाऱ्या हेन्रिएटा लेविट यांनी याच पद्धतीने मॅगेलन मेघांतील १७७७ रूपविकारी तारे १९०८ मध्ये नोंदविले. त्यांपैकी २५ ताऱ्यांवरून १९१२ मध्ये आवर्तकाल व तेज यांचा संबंध सिद्ध झाला आणि दूरच्या दीर्घिकांची अंतरे मोजण्याचे साधन हाती आले.

आज हार्वर्डच्या चार लाखांहून अधिक काचांचे अंकीकरण झाले असून हौशी अभ्यासकही घरबसल्या असे ताऱ्यांचे शोध घेतात. तथापि एका काचेवरील फरक हा पुरावा ठरत नाही. रसायनलेपातील दोष किंवा शेजारच्या ताऱ्याचे मिसळलेले तेज यांमुळेही तो भासतो. म्हणून स्वतंत्र वेधांनी खात्री होईपर्यंत तारा 'संशयित' मानला जातो.

समारोप :
हैदराबादसह सर्व वेधशाळांनी मोजलेली स्थाने २००० मधील टायको-२ या तारकासूचीत ताऱ्यांची गती काढण्यासाठी वापरली गेली. अर्थात शतकापूर्वीचे श्रम वाया गेले नाहीत. नवी दुर्बीण केव्हाही उभारता येते, पण गेलेल्या रात्रीचा वेध पुन्हा घेता येत नाही. त्यामुळे अशा काचा व ग्रंथ जपणे हे जुन्या वस्तूंचे जतन नसून चालू संशोधनच होय. नांदेड-लातूरच्या महाविद्यालयांतील इतिहास व भौतिकशास्त्र विभागांनी हा समान वारसा एकत्रितपणे अभ्यासावा, एवढे त्याचे मोल निश्चितच आहे.