जाड सेलचा जुना हिशेब

वर्धा जिल्ह्यात टॉर्चला बॅटरीच म्हणतात, आणि घेणारा ती आधी हातावर तोलून पाहतो. जड ती चांगली. हल्ली जाड सेलच्या जागी लिथियमचा 18650 आला, तरी मत तेच राहिले: सेल मोठा, त्यावरचा एमएएचचा आकडा मोठा, तर बॅटरी भरवशाची, पेन्सिल सेलची बॅटरी म्हणजे पोरांचे खेळणे. हरभऱ्याला, गव्हाला रात्री ओलीत करणाऱ्यापुरते बोलायचे तर हे मत मला चूक वाटते.

ते निराधार मात्र नव्हते. दोन जाड सेलच्या जुन्या बॅटरीतला तारेचा बल्ब अर्धा अँपिअर प्रवाह ओढायचा. सव्वा वॅट खाऊन उजेड जेमतेम दहा ल्युमेन. बाकी सगळी उष्णता. अशा खादाड बल्बला पोसायला जाड सेलच हवा होता. आज एलईडी त्याच सव्वा वॅटात शंभराच्या आसपास ल्युमेन देतो. खादाड गेला, पण त्याच्या भुकेवर बेतलेला नियम आपण सांभाळून ठेवला आहे.

आता आकड्याकडे वळू. 18650 हे नाव मापाचे आहे: 18 मिलिमीटर जाडी, 65 मिलिमीटर लांबी. एवढ्या नळीत खरी क्षमता साडेतीन हजार, फार तर चार हजार एमएएचच्या आसपास मावते. वेष्टनावर 9900 छापलेले असेल तर ते खोटेच. शिवाय एमएएच ही अर्धीच गोष्ट, तिला व्होल्टने गुणावे लागते. 2500 एमएएचचा खरा 18650 म्हणजे 9 वॅट-तास. चार्ज होणारे, 2000 एमएएचचे दोन निकेल पेन्सिल सेल म्हणजे 4.8. लिथियममध्ये जवळजवळ दुप्पट ऊर्जा आहे, हे मी नाकारत नाही. पण ती जाते कुठे? सहाशे ल्युमेनच्या झोतात दीड तासात संपते.

ओलीत करणाऱ्याला लागते काय? दांडातले पाणी कुठवर आले, धुऱ्यावर पाय पडतो तिथे मण्यार किंवा घोणस तर नाही, एवढे दिसले पाहिजे. हे सगळे चार पावलांच्या आतले काम आहे. पन्नास-साठ ल्युमेनचा पसरट उजेड त्याला पुरतो, आणि तो दोन पेन्सिल सेलवर सलग सहा तास मिळतो. पाळी दहा तासांची असली तरी बॅटरी सतत पेटती नसते. उलट प्रखर झोताने डोळे दिपतात, आणि झोताबाहेरच्या अंधाराला ते पुन्हा पुरते सरावायला वीस-तीस मिनिटे जातात. साप नेमका झोतातच असेल, असे कुठे आहे?

माझा खरा मुद्दा मात्र रात्री दोनचा आहे. लिथियमचा सेल उतरला की वावरात बसून करणार काय? पेन्सिल सेलची जोडी खिशात मावते, आणि तीही संपली तर सकाळी गावातल्या किराणा दुकानात मिळते. याच वर्ध्यात, मगनवाडीत, कुमारप्पांच्या ग्रामोद्योग संघाने रॉकेलच्या कंदिलाला पर्याय म्हणून वनस्पती तेलावर जळणारा ‘मगनदीप’ पुढे आणला. दिव्याचे इंधन येते कुठून, हा त्यामागचा प्रश्न होता. पेन्सिल सेल काही गावात बनत नाही. पण गावात मिळतो, आणि मध्यरात्रीच्या माणसाला तेवढेही फार असते.

त्यात आपला उन्हाळा. लिथियम सेल साधारण 45 अंशांच्या वर चार्ज करू नये म्हणतात, आणि मे महिन्यात आपल्याकडे हवेचाच पारा तिथे जातो. शेतातल्या टिनाच्या खोलीत काय होत असेल!

बोर व्याघ्र प्रकल्पालगत सेलू तालुक्यात मचाणावर बसून रानडुकरांची राखण करणाऱ्याला मात्र मी पेन्सिल सेल सुचवणार नाही. दुप्पट अंतरावर तेवढाच उजेड पाडायचा तर झोत चौपट प्रखर लागतो. तिथे 18650 हवाच, आणि भरलेला दुसरा जवळ हवा.

एक सावधगिरी. पेन्सिल सेलच्याच मापाचा, 14500 नावाचा लिथियम सेल बाजारात येतो. तो दीड व्होल्टचा नसून 3.7 व्होल्टचा असतो. असे दोन सेल साध्या बॅटरीत घातले तर एलईडी जळण्याची भीती असते, म्हणून दुकानातच सेलवरचा व्होल्टचा आकडा वाचून घ्यावा.