निर्जंतुक प्राणी आणि आतड्यातील वितंचके : एका प्रश्नाचा इतिहास

सन १८८५ मध्ये लुई पाश्चर यांनी पॅरिस येथे एक प्रश्न शास्त्रज्ञांपुढे ठेवला. एखाद्या प्राण्यास जन्मापासून सर्वस्वी जंतुरहित अन्नावर वाढविल्यास तो जगू शकेल काय? अशा स्थितीत जीवन अशक्य होईल, असा पाश्चर यांचा स्वतःचा कल होता. पुढच्याच वर्षी मार्सेली नेन्की यांनी त्यास विरोध केला. पचनास लागणारी वितंचके (एन्झाइम) प्राण्याचे शरीर स्वतःच निर्माण करते. तेव्हा आतड्यातील जंतूंची त्यास आवश्यकता नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते. पुढील शंभराहून अधिक वर्षांच्या संशोधनाचे बीज या मतभेदात आहे.

या प्रश्नाची पहिली प्रायोगिक परीक्षा सन १८९५ मध्ये बर्लिन येथे नटाल व टिअरफेल्डर यांनी घेतली. गिनीपिगाचे पिल्लू शस्त्रक्रियेने मातेच्या उदरातून बाहेर काढून त्यांनी ते निर्जंतुक पेटीत ठेवले आणि अहोरात्र, तासातासाने निर्जंतुक दूध पाजून आठ दिवस जगविले. त्यानंतर तपासणी करता आतड्यात एकही जंतू आढळला नाही. याउलट फ्रायबुर्ग येथील शोटेलियस यांनी सन १८९९ पासून कोंबडीच्या पिलांवर केलेल्या प्रयोगांत निर्जंतुक पिले खुरटली व मेली. पाश्चर यांचेच म्हणणे खरे, असा निष्कर्ष त्यांनी काढला. पुढे सन १९१२ मध्ये कोहेन्डी यांनी पॅरिस येथे निर्जंतुक पिले कित्येक आठवडे जगविली, तेव्हा हा निष्कर्ष डळमळला.

या परस्परविरोधाचे मूळ जंतूंत शोधण्यापूर्वी अन्नाकडे पाहणे अवश्य होते. अन्न निर्जंतुक करण्यासाठी ते तापविले की त्यातील काही जीवनसत्त्वे नष्ट होतात. पण जीवनसत्त्वांची कल्पनाच त्या काळी नुकती आकार घेत होती. म्हणून उपासमारीचा दोष जंतूंच्या अभावास लावला जाण्याचा संभव मोठा होता. अमेरिकेतील नोत्र दाम विद्यापीठात रेनियर्स यांनी सन १९२८ पासून पोलादी पेट्यांची योजना विकसित केली. स्वीडनमध्ये लुंड येथे गुस्ताफसन यांनीही असेच कार्य केले. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात निर्जंतुक उंदरांच्या पिढ्यान् पिढ्या वाढू लागल्या. जंतूंवाचून जगता येते, एवढे यावरून सिद्ध झाले. परंतु जीवनसत्त्व 'के' अन्नातून न मिळाल्यास या उंदरांत रक्तस्राव होतो, हेही दिसून आले. नेहमीच्या उंदरास त्याचा काही पुरवठा आतड्यातील जंतूंकडून होतो.

येथून प्रश्नाचे स्वरूप पालटले. जंतू हवेत की नकोत, हे विचारण्याऐवजी जंतूंमुळे आतड्यात काय बदलते, हे पाहण्यास आरंभ झाला. निर्जंतुक उंदराचे उंडुक अतिशय फुगलेले असते. सन १९६३ मध्ये एब्रम्स व त्यांच्या सहकाऱ्यांना असे आढळले की, निर्जंतुक उंदरांच्या लहान आतड्यातील अस्तराच्या पेशी नेहमीच्या उंदरांपेक्षा सावकाश बदलतात. रेड्डी व वोस्टमन यांनी सन १९६६ मध्ये शर्करा फोडणाऱ्या वितंचकांचे मापन केले. त्यांची क्रियाशीलता जंतूंच्या अभावी घटेल, असे कोणासही वाटावे. प्रत्यक्षात ती निर्जंतुक उंदरांत अधिक आढळली. ही वितंचके अस्तराच्या पेशींच्या पृष्ठभागावर बसलेली असतात. पेशी अधिक काळ टिकली की तिच्यावरील वितंचकही टिकते. शिवाय जंतूंची प्रथिनभेदक द्रव्ये ते पृष्ठभागावरून सुटे करू शकतात व नष्टही करू शकतात. स्वादुपिंडातील ट्रिप्सिनही निर्जंतुक उंदराच्या विष्ठेत मोठ्या प्रमाणात शिल्लक राहते. एरवी त्याचा बराच भाग जंतूंमुळे नाश पावतो.

मग वितंचके अधिक, तर पोषणही अधिक, असे म्हणावे काय? सन २००४ मध्ये बॅकहेड व सेंट लुईस येथील गॉर्डन यांच्या प्रयोगशाळेतील इतर संशोधकांनी निर्जंतुक उंदरांच्या शरीरात नेहमीच्या उंदरांचे जंतू सोडले. चौदा दिवसांत त्यांची चरबी सुमारे ६० टक्के वाढली, आणि तीही अन्न कमी खाल्ले असताना. प्राण्यास न पचणारी वनस्पतिजन्य शर्कराद्रव्ये जंतू आंबवितात आणि त्यातून उत्पन्न होणारी अल्पशृंखल मेदाम्ले आतडे शोषून घेते, हे यामागील एक कारण होय. त्याच प्रयोगशाळेत सन २००१ मध्ये हूपर व सहकाऱ्यांनी 'बॅक्टेरॉइडिस थीटायोटाओमायक्रॉन' हा एकच जंतू निर्जंतुक उंदरांत सोडला होता. त्यामुळे ग्लुकोज शोषून घेणाऱ्या वाहक प्रथिनाचा जनुकीय आदेश वाढला, तर दुधातील साखर फोडणाऱ्या लॅक्टेजचा आदेश घटला. म्हणजे जंतू वितंचके केवळ नष्ट करीत नाहीत. कोणते वितंचक किती प्रमाणात निर्माण व्हावे, यावरही त्यांचा प्रभाव पडतो.

या इतिहासाच्या प्रकाशात दोन्ही पक्षांची मते पुन्हा तपासता येतात. जगण्याच्या प्रश्नापुरते नेन्की बरोबर ठरले. तथापि शरीर आपली वितंचके जंतूंपासून अलिप्त राहून निर्माण करते, हे त्यांचे गृहीत टिकले नाही. ज्यास आपण आतड्याची स्वाभाविक स्थिती म्हणतो, ती प्राणी व त्याचे जंतू या दोघांच्या सहवासातून सिद्ध झालेली असते. म्हणूनच वितंचकांच्या कोणत्याही मापनाचा अर्थ लावताना त्या प्राण्याच्या आतड्यात कोणते जंतू होते, हे प्रथम विचारणे अगत्याचे आहे.