गाल्वेझची हूल

बर्नार्दो दे गाल्वेझचं नाव निघालं की लोक पेन्साकोलाची गोष्ट सांगतात. १८ मार्च १७८१. खाडीच्या तोंडाशी ब्रिटिश तोफा, खाली उथळ पाणी. स्पॅनिश आरमाराचा प्रमुख जहाजं आत घालायला काही केल्या राजी होईना. तेव्हा हा पठ्ठ्या ‘गाल्वेझटाउन’ या लहानशा जहाजावर स्वतःचं निशाण चढवून तोफांच्या माऱ्यातून आत शिरला. राजा तिसऱ्या कार्लोसनं त्याला ‘मी एकटा’ हे बिरुद मानचिन्हावर मिरवायची परवानगी दिली. तसा तो अगदी एकटा नव्हता. मागे लुइझियानाची दोन-तीन लहान जहाजं होती. धाडस मोठंच. पण माझी उमेदवारी देवळालीच्या तोफखान्यात गेली. मला त्याची दीड वर्ष आधीची बॅटन रूजची लढाई अधिक भावते.

गाल्वेझ मूळचा मालागाजवळच्या माचाराविआया गावचा, जन्म १७४६. काका होसे पुढे वसाहतींचा मंत्री झाला, तेव्हा वशिला होताच. पण अपाचींशी लढताना आणि १७७५ मध्ये अल्जियर्सला त्यानं अंगावर जखमाही झेलल्या होत्या. १ जानेवारी १७७७ पासून न्यू ऑर्लिन्सला तो लुइझियानाचा हंगामी गव्हर्नर होता.

१७७९ च्या जूनमध्ये स्पेननं ब्रिटनशी युद्ध पुकारलं. (वडगावला मराठ्यांनी इंग्रजांना तहावर आणलं, ते हेच साल.) युद्धाची बातमी आणि कायम नेमणुकीचा हुकूम, दोन्ही हाती येऊनही गाल्वेझनं ब्र काढला नाही. होड्यांची तयारी होत आली, तोच १८ ऑगस्टच्या वादळानं त्या मिसिसिपीच्या तळाशी घातल्या. मग त्यानं गावाला चौकात जमवलं आणि झाकली मूठ उघडली. तुम्ही पाठीशी उभे राहणार असाल तरच पदाची शपथ घेतो, असं म्हणाला. लोकांनी त्याला उचलून धरलं. बुडालेल्या होड्या वर काढून त्यांवर दहा तोफा चढवल्या आणि २७ ऑगस्टला फौज काठानं निघाली. पलटणीचे शिपाई, मुक्त कृष्णवर्णीय, वाटेत येऊन मिळालेले आकेडियन आणि जर्मन शेतकरी, मूळ रहिवासी. चौदाशेच्या वर माणसं झाली. मँचॅकचं ब्रिटिश ठाणं सहज पडलं.

बॅटन रूज तसं पडणारं नव्हतं. भोवती अठरा फूट रुंद खंदक, आत १३ तोफा. सरळ हल्ला चढवावा, तर मरणार ती याच नदीकाठची घरातली माणसं. गाल्वेझनं तो विचार सोडला. रात्री त्यानं एक तुकडी झाडीत पाठवली. तिनं तिथं झाडं तोडायची, बार काढायचे, गलका करायचा. मोर्चे तिकडेच बांधले जाताहेत असं समजून किल्ल्यातल्या तोफांनी रात्रभर ती झाडी भाजून काढली. खरे खंदक दुसऱ्या बाजूच्या बागेत, किल्ल्यापासून बंदुकीच्या टप्प्यात, खणले जात होते. २१ सप्टेंबरच्या सकाळी तिथून तोफा सुरू झाल्या. दुपारनंतर किल्ल्यातला ब्रिटिश सेनानी कर्नल डिक्सन यानं पांढरं निशाण दाखवलं. गाल्वेझनं त्याच कलमांत वरचा नॅचेझचा किल्लाही मागून घेतला. तिथं गोळी झाडावी लागली नाही.

तोफ लागू करायच्या आधी शत्रूची तोफ भलतीकडे वळवावी, हे आम्हाला शिकवलं जाई. ते इतकं चोख केलेलं मी दुसरीकडे क्वचितच वाचलं आहे. पेन्साकोला मे १७८१ मध्ये पडलं, तेव्हा त्याच्या बाजूनं सात हजारांवर माणसं लढत होती. पुढे तो मेक्सिकोत व्हाइसरॉय झाला आणि ३० नोव्हेंबर १७८६ ला ताकुबायात, अवघ्या चाळिसाव्या वर्षी, वारला.