तसबिरी आणि त्यांचा चितारी

राजवाड्यात चित्रे असावीत यात नवल नाही. पण चित्रसंग्रह हाच राज्यकारभाराचा एक दप्तरखाना होऊन बसावा, असे उदाहरण पाहावयाचे तर गोव्यास जावे लागते. आम्हां साकोलीकडील, तळ्यांच्या व धानाच्या मुलखातील माणसांस ते दूर खरे. तथापि तेथील गोष्ट आपल्याही विचारास लावणारी आहे.

१५४६ साली दीवचा वेढा मोडून काढणारा पोर्तुगीज गव्हर्नर जोआव द कास्त्रो याने, १५४७ मध्ये, आपल्या पूर्वीच्या गव्हर्नरांच्या तसबिरी करविण्याचे मनावर घेतले. काम सोपविले गास्पार कोरैया या बखरकारास. १५१२ पासून हिंदुस्थानात वावरलेला, आल्बुकर्कच्या पदरी लेखनिक राहिलेला हा गृहस्थ; दिवंगतांचे चेहरे त्याच्या स्मरणात होते. रंग मात्र भरले एका देशी चिताऱ्याने. कोरैया त्याच्या कसबाची वाखाणणी करतो, पण नाव सांगत नाही.

पुढे येणाऱ्या प्रत्येक अधिकाऱ्याने या रांगेत आपली भर घातली. १६०८ ते १६१० या काळात गोव्यात असलेला फ्रेंच प्रवासी पिरार द लावाल याने जुन्या गोव्याच्या राजवाड्यात व्हाइसरॉयांची ही चित्रे पाहिली. शेजारच्या दालनात पोर्तुगालहून निघालेली जहाजे, कप्तानांच्या नावांसह, रंगविलेली होती; समुद्रात बुडालेलीसुद्धा. बुडालेल्या गलबताचे नाव राहिले, तसबिरी करणाऱ्याचे राहिले नाही! सत्तेची स्मरणशक्ती अशी निवडक असते.

१७५९ साली व्हाइसरॉय पणजीस, मांडवीकाठच्या आदिलशाही वाड्यात राहावयास आले व कालांतराने तसबिरीही तेथे आल्या. १९६१ साली पोर्तुगीज अंमल संपला. त्याच वाड्यात २००० सालापर्यंत गोव्याची विधानसभा भरत असे. तसबिरींपैकी काही लिस्बनला गेल्या; बाकीच्या आज जुन्या गोव्यात, असिसीच्या संत फ्रान्सिसच्या चर्चला लागून असलेल्या पुरातत्त्व खात्याच्या संग्रहालयात आहेत.

दमट हवेने त्या लाकडी फळ्यांचे रंग उडत. मग त्या पुन्हा रंगविल्या जात, एकदा नव्हे, अनेकदा. दुरुस्ती करणाऱ्यांनी पोशाख बदलले, चेहरेही बदलले. त्यामुळे आल्बुकर्कची मुद्रा म्हणून आपण जी पाहतो, तिच्यावर पुष्कळांचे हात फिरलेले आहेत. त्या पहिल्या देशी चिताऱ्याचा हात शोधावयाचा तर वरच्या रंगांखाली, जुन्या थरांतच पाहावे लागते.