चुकलेला भागाकार

बँकांचे हिशेब आणि रेल्वेचीं आरक्षणें ज्या संगणकांवर चालतात, त्यांना सर्व्हर म्हणतात. अशा यंत्रांतील आंकडेमोड प्रोसेसर नांवाची, तळहातावर मावणारी चिप करते. ती बिघडली, तर जाणकार कारागीर यंत्राची वीज तोडतो, मनगटास पट्टा बांधून अंगांतील स्थिर वीज वाहून जाऊं देतो, उष्णता शोषणारा धातूचा ठोकळा उचलतो आणि खोबणीची दांडी उघडून जुनी चिप काढतो. नवी चिप बसवून तिच्यावर उष्णतावाहक लेप दिला व ठोकळा पुन्हां आवळला, कीं यंत्र कामास लागतें. हें काम आज इतकें साधें वाटतें कीं, त्यामागें कांहीं इतिहास असेल असें मनांतही येत नाहीं. परंतु तो आहे. आणि त्यांत यंत्रकौशल्याइतकाच सचोटीचाही प्रश्न गुंतलेला आहे.

भाग बदलण्याची सोय संगणकाइतकीच जुनी आहे. १९४६ सालीं अमेरिकेंत फिलाडेल्फिया येथें पेनसिल्व्हानिया विद्यापीठानें ‘एनिॲक’ हा प्रचंड संगणक जगापुढें मांडला. त्यांत सुमारें १८,००० व्हॉल्व्ह होते. जुन्या रेडिओंत असत त्याच जातीचे. दर दोनएक दिवसांनीं त्यांतला एखादा निकामी होई. तो हुडकावा, खोबणींतून उपटावा आणि दुसरा बसवावा, म्हणजे गाडें पुढें चाले. दोष एका व्हॉल्व्हचा असे आणि हकालपट्टीही त्या एकट्याचीच होई.

पुढें १९७१ सालीं इंटेल कंपनीनें संपूर्ण प्रोसेसर एकाच चिपवर उतरवून विकावयास आणला. त्यांत सुमारें २,३०० ट्रान्झिस्टर होते. १९९३ सालीं तिचा ‘पेंटियम’ बाजारांत आला, तेव्हां ही संख्या ३१ लाखांवर गेली होती. आतां आंत एखादी बारीकशी चूक राहिली, तरी तेवढीच वेगळी काढणें मनुष्याच्या हातीं उरलें नाहीं. बदलावयाची तर सगळी चिपच बदलली पाहिजे.

अशी चूक राहून गेली होती. व्हर्जिनिया राज्यांतील लिंचबर्ग कॉलेजांत टॉमस नाइस्ली हे गणिताचे प्राध्यापक होते. ११ आणि १३ यांप्रमाणें ज्या अविभाज्य संख्यांत दोहोंचेंच अंतर असतें, अशा जोड्यांचा ते अभ्यास करीत. १९९४ च्या जूनमध्यें त्यांच्या उत्तरांत विसंगती दिसूं लागली. त्यांनीं प्रथम संशय घेतला तो स्वतःवर. आज्ञावली तपासली, यंत्राचे निरनिराळे भाग तपासले, तेंच गणित जुन्या प्रोसेसरवर करून पाहिलें. तेथें उत्तर बरोबर आलें. तेव्हां त्यांची खात्री पटली कीं, चुकतो आहे तो पेंटियमच. ऑक्टोबरमध्यें त्यांनीं कंपनीस कळविलें आणि नंतर इतर अभ्यासकांनाही पत्रें धाडलीं.

दोष असा होता. भागाकार त्वरेनें व्हावा म्हणून चिपमध्यें एक कोष्टक कोरलेलें असे. त्यांतील कांहीं घरें भरावयाचीं राहून गेलीं होतीं. विशिष्ट संख्या आल्या, कीं प्रोसेसर त्या रिकाम्या घरांशीं अडखळे. ४१,९५,८३५ ला ३१,४५,७२७ नें भागल्यास उत्तर १.३३३८२ यावें, पेंटियम सांगे १.३३३७३. फरक चौथ्या दशांशस्थळावरचा. पण यंत्र तो निःशंकपणें सांगे.

कंपनीचें म्हणणें असें कीं, सामान्य ग्राहकास अशी चूक २७,००० वर्षांतून एकदां भेटेल. ज्यास खरोखर सूक्ष्म गणित करावें लागतें, त्यानें तें पटवून द्यावें, म्हणजे चिप बदलून मिळेल. लोक चिडले ते या अटीवर. आपलें गणित महत्त्वाचें आहे कीं नाहीं, हें विकणाऱ्यानें कां ठरवावें? त्यांत १२ डिसेंबर रोजीं आयबीएमनें ही चूक २४ दिवसांतून एकदां येऊं शकेल असा हिशेब मांडून या प्रोसेसरचे संगणक विकणें थांबविलें. शेवटीं २० डिसेंबर १९९४ रोजीं इंटेलनें जाहीर केलें कीं, जो मागेल त्यास, कोणताही प्रश्न न विचारतां, नवी चिप विनामूल्य मिळेल. या प्रकरणापायीं कंपनीस ४७ कोटी ५० लाख डॉलरांचा भार सोसावा लागला. घरगुती ग्राहकांपैकीं फार थोड्यांनींच चिप बदलून घेतली. त्यांना नवी वस्तु हवी होती असें नव्हे. ती मागण्याचा आपला हक्क मान्य व्हावा, एवढेंच त्यांना हवें होतें.

आणि हें वचन पाळतां आलें, तें त्या साध्या खोबणीमुळें! चिपच्या पोटाशीं शेंकडों पिना असत. पण दांडी उचलली, कीं त्यांची पकड सैल होई आणि चिप जोर न लावतां निघे. पुढें, २००६ च्या सुमारास, सर्व्हरच्या प्रोसेसरांवरून पिना जाऊन त्या खोबणींत आल्या. आतां एक जरी पिन वांकली, तरी चिप वांचते, पण मूळ पाटीच निकामी होण्याची भीति असते. म्हणून कारागीर श्वास रोखून चिप सरळ खालीं ठेवतो.

सर्व्हरांत खोबण अजून टिकून आहे. मांडीवरच्या बहुतेक संगणकांत मात्र प्रोसेसर पाटीवर कायमचा झाळलेला असतो. यंत्र त्यामुळें पातळ होतें, हें खरें. पण जी चूक काढून घेतां येत नाहीं, ती कबूल करणेंही मनुष्यास जड जातें. नवें यंत्र घेतांना त्याचा वेग आपण विचारतोंच. त्यांतलें काय काढून बदलतां येईल, हेंही विचारावयास हवें.