हद्द झाली!

निवृत्त माणसाने वेळ कसा घालवावा याविषयी घरादाराची मते पक्की असतात. विचारीत नाहीत ते फक्त निवृत्त माणसाला. आमच्या शेजाऱ्यांनी पेटी घेतली, समोरच्यांनी कुंडीत भेंडी लावली. मी मतदारसंघांचे नकाशे काढायला बसलो. "हे कशासाठी?" असे हिने विचारले तेव्हा मी म्हणालो, "लोकशाहीसाठी." त्यावर ती म्हणाली, "मग लोकशाहीला सांगा, दळण आणायचंय."

दोष खरे तर चिरंजिवांचा. तो हिंजवडीला नोकरी करतो आणि तिथेच राहतो. एका रविवारी त्याने क्यूजीआयएस नावाचा फुकटचा कारभार माझ्या संगणकात घालून दिला आणि माऊस कसा धरायचा ते दाखवून तो पसार झाला. हद्द म्हणजे संगणकाच्या लेखी ठिपक्यांची रांग. एकामागून एक ठिपका द्यायचा, शेवटचा पहिल्याला जोडला की कुंपण पुरे. इतके सोपे. गोल्डस्मिड आणि विंगेट या साहेबांनी १८३६ साली आपल्याच जिल्ह्यात, इंदापुरात, मोजणीची घडी बसवली ती ३३ फुटांच्या साखळीने. साखळीचे १६ आणे, तेहतीस बाय तेहतीस फुटांचा गुंठा आणि ४० गुंठ्यांचा एकर. ती माणसे उन्हातान्हात काट्याकुट्यांतून साखळी ओढीत गेली. मी पंख्याखाली बसून तालुका वेढत होतो, आणि तरी पाठ माझीच दुखत होती.

पहिला मतदारसंघ घेतला भोर. आमचे आजोळ भोरकडचे, म्हणून. न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांच्या आयोगाने आखलेल्या आणि २००८ साली अमलात आलेल्या रचनेत हा २०३ क्रमांकाचा विधानसभा मतदारसंघ. शेजारच्या खडकवासल्याचे वर्णन वाचू लागलो, तर हवेलीचा अमुक भाग आणि महापालिकेचे तमुक वॉर्ड करता करता धाप लागते. भोरचे वर्णन एका ओळीचे: भोर, वेल्हे आणि मुळशी हे तीन तालुके. तीन कुंपणे एकत्र केली, रंग भरला, चहाच्या आत मतदारसंघ तयार! मी घरात पेढे वाटले.

मग रंगाकडे बघत बसलो आणि बेचैन झालो. २०११ च्या शिरगणतीत वेल्ह्याची वस्ती सुमारे ५४ हजार, मुळशीची १ लाख ७१ हजार, भोरची १ लाख ८६ हजार. नकाशात मात्र वेल्हे कसे ऐसपैस पसरलेले! तोरणा तिथे, राजगड तिथे. पण किल्ल्याला मत नसते. तोरण्याने आपला सगळा डोंगर मतपेटीत घातला तरी हिंजवडीच्या एका गृहसंकुलापुढे त्याची अनामत जप्त. आणि गंमत म्हणजे, आमच्या चिरंजिवांचे ते काचेचे ऑफिस आणि स्वराज्याची पहिली राजधानी एकाच मतदारसंघात. त्याला हे सांगितले तर तो म्हणाला, "बाबा, मला वाटायचं मी पुण्यात राहतो."

इथे थांबलो असतो तर सुखी राहिलो असतो. पण माणूस एकदा हद्दीला लागला की त्याला मागचे दिसू लागते. राजाराम महाराजांच्या काळात शंकराजी नारायणांना सचिवपद मिळाले आणि त्यांच्या घराण्याचे पुढे भोर संस्थान झाले. ते ८ मार्च १९४८ रोजी मुंबई प्रांतात विलीन झाले. संस्थानातल्या तालुक्यांची नावे काय सांगू! विचित्रगड, प्रचंडगड, राजगड, सुधागड; एकटे पवनमावळ तेवढे किल्ल्याविना. विचित्रगड म्हणजे रोहिडा आणि प्रचंडगड म्हणजे तोरणा. म्हणजे २०२४ साली मंत्रिमंडळाने वेल्हे तालुक्याला राजगड हे नाव द्यायला मंजुरी दिली तेव्हा नवे काही झाले नाही. जुना भाडेकरू आपल्या खोलीत परत आला, इतकेच.

सुधागड आज रायगड जिल्ह्यात. हे माझ्या संगणकाला कोण सांगणार? मी गावांच्या यादीला नकाशा जोडला, तर राजगडाखालची पाली आणि बल्लाळेश्वराची पाली यांची त्याने गाठ घालून दिली. पडद्यावर एक रेघ सह्याद्री ओलांडून थेट कोकणात उतरली. पंतसचिवांचे संस्थान मी एका क्लिकमध्ये पुन्हा उभे केले होते! तेव्हापासून गाव नावाने ओळखायचे नाही, शिरगणतीच्या क्रमांकाने ओळखायचे, हे मी शिकलो. बुद्रुक आणि खुर्द यांच्या तर नादीच लागू नये.

आणि मग आले गट आणि गण. विधानसभेची हद्द एकदा आखली की पंधरा-वीस वर्षे बघायला नको. पण जिल्हा परिषदेचे गट आणि पंचायत समितीचे गण निवडणूक आली की पुन्हा मांडतात. एका गटाचे दोन गण. मांडायची रीतही ठरलेली: सुरुवात उत्तरेकडून, मग ईशान्येला, मग पूर्वेला, तिथून पश्चिमेकडे आणि असे करत शेवट दक्षिणेला. सत्यनारायणाला कलश कुठे आणि सुपाऱ्या कुठे हे जसे ठरलेले असते तसेच. आधी प्रारूप प्रसिद्ध होते, त्यावर हरकती घेता येतात. मी ते प्रारूप बघून गणांचा नकाशा काढला आणि नातेवाइकांना फोनवर पाठवला. कौतुक व्हावे, एवढाच हेतू.

चार दिवसांनी मामेभावाच्या मुलाचा फोन आला. "काका, तुमचा नकाशा हरकतीला जोडतोय."

माझी छाती फुगली. हरकत अशी होती: त्याचे गाव वेळवंड खोऱ्यातले, आणि गणात जोडलेले दुसरे गाव हिरडस मावळातले. कागदावर दोघांची शीव एक. पण मधे डोंगराची धार. इकडच्या माणसाला तिकडे जायचे तर खाली उतरून, वळसा घालून, दोनदा एसटी बदलून दिवस मोडायचा. सभापतीकडे रस्त्याची तक्रार न्यायची, तर तो रस्ताच आधी लागणार!

"पण तुमच्या नकाशात डोंगरच नाही, काका," तो म्हणाला. "सपाट दिसतंय सगळं. असं वाटतं, हाकेवर गावं आहेत."

खरेच होते. मी हद्द काढली होती, जमीन काढलीच नव्हती. आमच्या आजीला कुणी गाव विचारले की ती आधी खोरे सांगायची आणि मग गाव. रोहिडखोरे, गुंजण मावळ, कानद मावळ. बाराही मावळे पाण्याने आखलेली. तुमचा ओढा कुठल्या नदीला मिळतो, त्यावर तुमचा देशमुख ठरायचा. २००० साली अमेरिकन अंतराळयानाने पृथ्वीची उंची मोजून आणली, ती आज कुणालाही फुकट मिळते. ती नकाशाखाली घातली मात्र, आजीची खोरी जशीच्या तशी वर आली.

हरकतीला दोन दिवस उरले होते. पण डोंगर आल्यावर माझी एक रेघ मलाच खुपू लागली. धारेवर तीन घरांची एक वाडी होती, ती मी रात्री डुलक्या घेत माऊस चालवताना पलीकडच्या गणात लोटली होती. हरकतीचा अर्ज डोंगराची साक्ष काढणार आणि साक्षीदारच खोटा! पहाटेची एसटी धरली. भाटघरच्या काठाने गेलो. पाणी ओसरलेले होते. उन्हाळ्यात कांबरेश्वराचे देऊळ उघडे पडते ते त्याच पाण्यातले. भाचा बरोबर होता म्हणून वर पोहोचलो, नाहीतर मीच हद्दपार झालो असतो.

वाडीवरच्या म्हाताऱ्या बाबांना फोनवर नकाशा दाखवला. ते बराच वेळ बघत राहिले.

"हे आमी?"

"हो. हे तीन ठिपके."

"मग ही रेघ अशी का गेलीया? आमचं पानी हिकडं वाहतंय. मताला बी हिकडंच उतरतो. रेशन बी हिकडंच."

"चूक माझी आहे, बाबा. झोप लागली होती."

"हां," बाबा म्हणाले. तेवढ्यात आतून पाणी आले, गूळ आला. मी दगडावर बसून तिथल्या तिथे तीन ठिपके अलीकडे घेतले. भाच्याने नवा नकाशा उतरवून घेतला आणि तो अर्ज द्यायला खाली पळाला.

बाबांनी पुन्हा फोन मागितला. डोळ्यांजवळ नेला, लांब धरला.

"आन् हीर कुठाय?"

विहीर नव्हती. ते उठले, काठी घेतली आणि पुढे चालू लागले. मी मागोमाग निघालो, ठिपका कुठे द्यायचा ते बघायला.